माळ्यावरची लहानपणीची मासिकं: वाचवायची कशी, लावायची कशी आणि राहिलेले अंक शोधायचे कसे

घर रंगवायला काढलं की नाहीतर आईवडिलांचं घर आवरायची वेळ आली की माळ्यावरून एक ट्रंक खाली येते, किंवा सुतळीने करकचून बांधलेला गठ्ठा, आणि त्यात चांदोबा, किशोर, चंपक, ठकठक, इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळ (म्हणजे फँटम) नि मँड्रेक असं सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं. घरातलं कुणीतरी लगेच म्हणतंच, आता याचं काय करायचंय, उद्या रद्दीवाला येतोय. तो उद्या यायच्या आत काय काय करता येईल ते सगळं इथे लिहितोय. यातलं बहुतेक काम घरच्या घरी, फारसा खर्च न करता होतं, फक्त घाई करायची नाही.

कामाला लागायच्या आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. कोरा करकरीत अंक वाचवणं हे आपलं काम नाहीये. अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, ठिपके जोडून काढलेलं माकड, पहिल्या पानावर इयत्ता आणि तुकडीसकट लिहिलेलं नाव, फिरत्या वाचनालयाचा जांभळा शिक्का, धाकट्या बहिणीने राजकन्येला लाल पेनने लावलेली लिपस्टिक, हे सगळं त्या अंकाचा भाग आहे. किशोरचे जुने अंक बालभारतीने नेटवर फुकट वाचायला ठेवलेत, १९७१ पासूनचे, त्यामुळे मजकूर काही हरवत नाहीये. पण तुमच्या घरातल्या पोरांनी हाताळलेला अंक एकच आहे, तो गेला की गेला. त्यामुळे खोडरबर घेऊन बसू नका, नावं पुसू नका, शिक्क्यावर कागद चिकटवू नका.

गठ्ठा सोडायच्या आधी

आधी मोबाईलने गठ्ठ्याचे चारी बाजूंनी फोटो काढा. कुठला अंक कुठल्या अंकाखाली होता हे नंतर उपयोगी पडतं, कारण लहानपणी आपण मासिकं बहुतेक वेळा क्रमानेच रचलेली असतात आणि मुखपृष्ठ फाटलेल्या अंकाचा महिना त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो. सुतळी ओढून सोडू नका, कात्रीने कापा, कारण ती कडांमध्ये रुतलेली असते आणि ओढली की कागदाचा तुकडाच हातात येतो.

काम गॅलरीत किंवा खिडकीजवळ करा, पण सावलीत. जुनी मासिकं दिसली की ती उन्हात पसरायची आपल्याकडे सवय आहे आणि त्याने कुबट वास जातोही, पण कडक ऊन कागदाचा रंग आणि जीव दोन्ही घेतं, म्हणून सावली आणि पंखा एवढंच पुरे. तोंडाला मास्क लावा, साधा कापडी नको, एन-९५ असेल तर बरं, जुन्या कागदाची धूळ आणि बुरशी दोन्ही छातीत जातात. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना या कामापासून लांबच ठेवा.

आता कीड बघा. पानांवरचा वरचा थर खरवडल्यासारखा गेलेला असेल, वेडीवाकडी भोकं असतील आणि चपटा चंदेरी किडा सुळकन पळाला तर ती कसर. तिला खळ आणि डिंक आवडतो म्हणून ती पुठ्ठ्याच्या आणि बाईंडिंगच्या बाजूने सुरुवात करते. मातीचे बारीक बोगदे दिसले तर वाळवी, आणि मग प्रश्न मासिकांचा नसून भिंतीचा आहे, आधी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. कसर किंवा इतर बारीक किडे असतील तर त्यावर सगळ्यात चांगला उपाय घरातच आहे, डीप फ्रीजर. अंक कोरडे आहेत ना ते बघा (ओले अंक अजिबात नाही), प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड चिकटवून टाका आणि उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडायची नाही, पूर्ण एक दिवस तशीच बाहेर राहू द्या, नाहीतर थंड कागदावर दव जमतं आणि सादळलेल्या कागदाला बुरशी धरते. फ्रीजरमध्ये मासिकं ठेवलेली बघून घरचे काय म्हणतील ते म्हणू देत.

डांबर गोळ्या टाकू नका. त्या नॅफ्थलीनच्या असतात, त्यांची वाफ माणसालाच चांगली नाही, लहान मुलं असलेल्या घरात तर नकोच, आणि बुरशीवर त्यांचा भरवसा नाही. कडुनिंबाची पानं ठेवायचीच असतील तर पूर्ण वाळवून, पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून खोक्याच्या कोपऱ्यात ठेवा, पानांच्या मध्ये घालू नका, डाग पडतो.

बुरशी असेल, म्हणजे पांढरे-हिरवे-काळे मखमली ठिपके, तर ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरा, पुसलं की ती आणखी आत जाते. अंक आधी पंख्याखाली पूर्ण कोरडा करा, मग घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने एका दिशेने हलकेच झटका. आणि गुळगुळीत कागदाची मुखपृष्ठं एकमेकांना चिकटून बसली असतील तर ती सोडवायच्या मागे लागू नका, चकचकीत कागद एकदा भिजून वाळला की थर एकजीव होतात, ओढलं की चित्र निघून येतं. बाजूला ठेवा, जे वाचतंय ते आधी.

कागद पिवळा का पडतो आणि त्यावर आपण काय करू शकतो

स्वस्त मासिकं न्यूजप्रिंटवर छापली जायची. हा कागद लाकूड नुसतं दळून केलेल्या लगद्याचा असतो, त्यात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य तसंच राहतं, आणि उजेड आणि हवा लागली की ते पिवळं-तपकिरी होत जातं, शिवाय कागदातलं आम्ल आतल्या आत धागे तोडत राहतं. म्हणून कडा आधी काळवंडतात आणि मग पान दुमडलं की पापडासारखा तुकडा पडतो. हे उलट फिरवता येत नाही, घरी तर नाहीच, त्यामुळे नेटवर कुणी ब्लीच वगैरे सुचवत असेल तर तिकडे लक्ष देऊ नका. आपल्या हातात इतकंच आहे की उजेड, उष्णता आणि दमट हवा कमी करायची, म्हणजे पुढचं बिघडणं हळू होतं.

जाता जाता, त्याच ट्रंकेत सोव्हिएत देशसारखी रशियन मासिकं अख्खी सापडली तर ती नीट ठेवा. त्या गुळगुळीत पानांची आपल्या पिढीने शाळेच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घातली, अखंड अंक उरणं हीच मोठी गोष्ट आहे.

पिना, फाटलेली पानं आणि बाईंडर

मासिकाच्या मधल्या घडीतल्या दोन पिना गंजतात, गंज आजूबाजूच्या कागदात उतरतो आणि मग मधलं पान सगळ्यात आधी सुटून येतं, ज्यावर नेमकं मोठं रंगीत चित्र असतं. पिना काढून टाकायच्या. अंक बरोबर मध्यावर उघडा, पिनेचे दोन वळलेले पाय दिसतील, त्यांच्याखाली बोथट पातळ पातं सरकवून (लोणी लावायची सुरी चालते) एकेक पाय सरळ उभा करा, मग अंक उलटा करून पाठीकडून पीन बाहेर ओढा. चिमट्याने एका झटक्यात उपटायची नाही. गंज जास्त असेल तर पाय मोडतो, मोडू दे, तुकडे वेचून घ्या. मग त्याच भोकांमधून पांढऱ्या सुती दोऱ्याने शिवा. मध्ये एक तिसरं भोक सुईने पाडून घ्या, दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत, मग मधलं सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्यातून आत, की दोन्ही टोकं आत येतात, त्यांची मधल्या लांब दोऱ्यावर गाठ मारायची. दोरा ताणू नका, जुना कागद दोऱ्याने कापला जातो. एकदा हात बसला की एका अंकाला फार वेळ लागत नाही आणि हे काम करताना अंक परत वाचला जातो तो वेगळाच.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, कितीही चांगल्या कंपनीची असली तरी. काही वर्षांनी वरची पट्टी गळून पडते आणि गोंद कागदात मुरून तपकिरी डाग कायमचा राहतो, जुन्या गठ्ठ्यात असे डाग तुम्हाला दिसतीलच. आधीच लावलेली पट्टी ओढून काढायलाही जाऊ नका. जुने कागद दुरुस्त करणारे लोक गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि जपानी टिश्यू नावाचा पातळ पण चिवट कागद वापरतात, आणि यातली खळ मराठी घराला नवीन नाही, कुरडयांसाठी गहू भिजवून वाटून जो चीक काढतो तोच. खाली बसलेला घट्ट चीक घ्या, मीठ-हिंग काहीही न घालता भरपूर पाण्यात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, गार झाला की गाळणीतून घासून घ्या आणि पाणी घालून सायीइतका पातळ करा. जपानी टिश्यू कलेच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. त्याची अगदी अरुंद पट्टी हाताने फाडून घ्या, कात्रीने कापू नका, फाडल्यावर कडेला जे तंतू सुटतात तेच कागदाला धरतात. पट्टीला खळ लावून फाटलेल्या जागी ठेवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर, त्यावर टिपकागद, त्यावर जाड पुस्तक, आणि रात्रभर तसंच ठेवा. खळ कमीत कमी लावायची, जास्त लागली की पान सुरकुततं. उरलेली खळ फ्रीजमध्येसुद्धा फार दिवस टिकत नाही, थोडी थोडीच करा. आणि आधी एखाद्या रद्दी पानावर हात साफ करून घ्या.

लॅमिनेशन नाही. मुखपृष्ठाचंही नाही. उष्णता लागते, प्लॅस्टिक कायमचं बसतं, आतला कागद आम्लाने झिजतच राहतो आणि परत सोडवता येत नाही.

बऱ्याच घरांत वर्षाचे बारा अंक एकत्र बांधून घ्यायची पद्धत होती. जुनं बाईंडिंग असेल तर ते उचकटू नका, तेही आता त्या संचाचं रूप आहे. नवीन करून घ्यायचं असेल तर बाईंडरशी आधी नीट बोलून घ्या, काही न सांगता दिलं की तो तीन बाजूंनी कटिंग मारतो आणि पानाच्या कडेला लिहिलेलं सगळं जातं, शिवाय मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं जास्तीची म्हणून फाडून टाकतो. त्याला स्पष्ट सांगा की कटिंग नको, बाजूने टाके मारून शिलाई नको, घडीतून शिवा, एकही पान काढू नका, आणि खळीत मोरचूद घालू नका. कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते कागदाला वाईट. एवढं सगळं ऐकायची बाईंडरची तयारी नसेल तर अंक सुटेच ठेवा, माझं मत विचाराल तर सुटेच जास्त चांगले.

मुखपृष्ठ नसलेला अंक कुठल्या साली आलेला

या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हा. निम्म्या अंकांना मुखपृष्ठ नसतं, पहिलं पान नसतं, आणि आपल्याला आठवतं फक्त की पाचवी-सहावीत असताना वाचला होता. पण अंक स्वतःच बरंच काही सांगतो.

आधी किंमत बघा. किंमत "नये पैसे" किंवा "न. पै." अशी असेल तर अंक १९५७ ते १९६४ मधला, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि "नये" हा शब्द जून १९६४ पासून गेला. आण्यात किंमत असेल तर बहुधा त्याच्या आधीचा. मग पत्ते बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्यामुळे संपादकांच्या पत्त्यात किंवा पत्रमैत्रीच्या पानावर सहा आकडी पिन असेल तर अंक त्याच्या नंतरचा. नुसतं "मद्रास-२६" वगैरे असेल तर बहुधा आधीचा किंवा लगेचच्या काळातला, कारण लोकांना पिन लिहायची सवय लागायला वेळ लागला. मराठीत आपण मुंबई मुंबईच लिहायचो त्यामुळे त्यावरून काही कळत नाही, पण इंग्रजी जाहिरातीतलं किंवा छापखान्याच्या ओळीतलं बॉम्बे १९९५ नंतर आणि मद्रास १९९६ नंतर बदलत गेलं.

छापखान्याची ओळ हा दुसरा मोठा धागा. १८६७ च्या मुद्रण कायद्यामुळे प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचं ठिकाण छापावंच लागायचं, ते बहुतेक वेळा शेवटच्या पानाच्या तळाशी नाहीतर अनुक्रमणिकेखाली इतक्या बारीक अक्षरात असतं की लहानपणी कधी दिसलंच नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचा. आणि याहून भारी गोष्ट म्हणजे फॉर्म ४. मालकी वगैरेचा तपशील देणारं एक रटाळ निवेदन नियतकालिकांना दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात छापावं लागायचं. "फॉर्म ४, नियम ८" असं शीर्षक आणि खाली प्रकाशकाच्या सहीपाशी तारीख, बहुतेकदा १ मार्च आणि साल. ते पान सापडलं की अंक मार्चचा किंवा फार तर एप्रिलचा, आणि साल तर छापलेलंच आहे. मग त्या अंकातल्या क्रमशः गोष्टीचा भाग बघा, तीच गोष्ट मागच्या-पुढच्या अंकांत शोधा, "मागील अंकात आपण वाचले" वाला सारांश जुळवा, की चार-पाच बिनमुखपृष्ठाचे अंक एका दमात रांगेत बसतात.

चांदोबाच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. शेवटच्या पानांवर दोन फोटो देऊन त्यांना जुळणारी वाक्यं मागवायची ती स्पर्धा आठवत असेल, तिथे उत्तरं कुठल्या तारखेपर्यंत पाठवायची आणि निकाल कुठल्या महिन्याच्या अंकात येईल हे छापलेलं असायचं. तेवढ्यावरून महिना काढता येतो. शिवाय चांदोबा हे मूळचं मद्रासचं मासिक, बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेलं, मराठी आवृत्ती १९५२ पासून, आणि चित्रं सगळ्या भाषांत तीच. त्यामुळे मराठी अंकाची माहिती कुठे मिळाली नाही तर हिंदी, तेलुगू किंवा इंग्रजी अंकांची मुखपृष्ठं आणि आतली चित्रं जुळवून बघा. चित्रांखालच्या सह्या वाचायची सवय लावा, शंकर, चित्रा, वपा. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रमराजा ज्यांनी काढला ते शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन. लहानपणी ते चित्र रात्री बघायची भीती वाटायची, आता नीट बघितलं की कळतं एका छोट्याशा चौकटीत किती काम केलंय, झाडाच्या मुळांपासून कवट्यांपर्यंत.

आणि तुमच्या चांदोबाच्या संग्रहात १९९८-९९ च्या आसपास भोक दिसलं तर घाबरू नका, तेव्हा कामगारांच्या वादामुळे मासिक साधारण वर्षभर निघतच नव्हतं. तसंच २०१३ च्या सुमारास ते बंदच पडलं, त्यानंतरचे अंक शोधू नका. इंद्रजाल १९६४ ला सुरू होऊन १९९० ला थांबलं. किशोर १९७१ च्या नोव्हेंबरात, बालदिनाला सुरू झालं आणि अजून निघतंय. आजी-आजोबांच्या ट्रंकेत "आनंद" सापडलं तर ते फारच जुनं असू शकतं, वा. गो. आपट्यांनी ते १९०६ मध्ये सुरू केलं होतं, अशा अंकाला घरी शिवणं-चिकटवणं काही करू नका, नुसतं कागदात गुंडाळून ठेवा आणि एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाला दाखवा.

हे सगळं कळत जाईल तसं वहीत किंवा एक्सेल शीटमध्ये लिहीत जा. मासिकाचं नाव, साल, महिना, मुखपृष्ठ आहे का, कुठली पानं नाहीत, आणि एक रकाना खुणांसाठी, म्हणजे कुणाचं नाव, कुणाचं अक्षर, कुठल्या वाचनालयाचा शिक्का, कुणी भेट दिला. हा रकाना भावंडांना एकत्र बसवून भरा, व्हिडिओ कॉलवर बसलात तरी चालेल, कारण कोडं कुणी सोडवलं आणि उत्तर चुकलं म्हणून पान कुणी फाडलं हे सगळ्यांना वेगवेगळं आठवतं. अंकावर नवीन काही लिहू नका.

ठेवायचे कुठे

माळ्यावर परत नाही. स्लॅबच्या खाली उन्हाळ्यात भट्टी असते. बाथरूमला लागून असलेली भिंत नको, पावसाची बाहेरची भिंत नको, कपाटाचा सगळ्यात खालचा खण नको. लोखंडी कपाटाचा मधला खण सगळ्यात चांगला. अंक आडवे ठेवा, उभे ठेवले की पातळ मासिकं वाकतात, आणि रास फार उंच करू नका. पिशव्या घेताना पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या घ्या, पीव्हीसीची मऊ, वास येणारी फोल्डरं नकोत, ती शाईला चिकटतात. पिशवीचं तोंड उघडं राहू दे.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला मोकळं रान. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओल्या झाल्या की बदला. ऑक्टोबरचं ऊन पडलं की एकदा सगळे डबे उघडून, पंख्याखाली हवा देऊन, कीड बघून परत बंद करायचं. दसरा-दिवाळीच्या सफाईत हे काम सहज बसतं.

स्कॅन

ज्या अंकांची पानं हाताळली की तुकडे पडतायत ते आधी स्कॅन करा, आवडते अंक नंतर. फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय, रंगीत, काळीपांढरी पानंसुद्धा रंगीतच करा कारण पेन्सिलीच्या खुणा करड्या रंगात हरवतात. बारीक रेघांची चित्रं ६०० वर. स्कॅन करायच्या पानामागे काळा कार्डपेपर सरकवा, पातळ कागदातून मागच्या पानाची अक्षरं दिसतात ती त्याने जातात, हा एवढा साधा उपाय आहे पण फरक डोळ्याला दिसतो. अंक काचेवर दाबू नका, १८० अंशात उघडत नसेल तर मोबाईलने वरून फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, वाचायला वेगळी पीडीएफ करा. फाइलच्या नावात आधी मासिक, मग साल, मग महिन्याचा दोन आकडी अंक, मग पान, म्हणजे आपोआप क्रम लागतो. तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर, भावाकडे नाहीतर क्लाउडवर. गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडलं की देवनागरी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो, गोष्टीचं नाव शोधायला तेवढं पुरतं.

या पीडीएफ ग्रुपवर टाकायच्या का, हा प्रश्न येतोच. आपल्या कायद्यात लेखक किंवा चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, निनावी छापलेल्या मजकुराला छापल्यापासून ६० वर्षं. शंकर २०२० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांचा हिशेब २०८० पर्यंत जातो. स्वतःसाठी, घरच्यांसाठी स्कॅन करा, पण अख्खे अंक वाटत सुटू नका. ज्यांनी महिन्याच्या महिन्याला आपल्यासाठी एवढं काढलं-लिहिलं त्यांचा तेवढा हक्क आपण मानायला हवा असं मला मनापासून वाटतं.

राहिलेले अंक

यादी पूर्ण झाल्याशिवाय एकही अंक विकत घेऊ नका, नाहीतर घरी आल्यावर कळतं तोच अंक ट्रंकेत आहे. यादी मोबाईलमध्ये घेऊन मग फिरा. मुंबईत फोर्टमधल्या फाउंटनच्या फुटपाथवरची पुस्तकं, माटुंग्याचं किंग्ज सर्कल, पुण्यात जुना बाजार आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची जुन्या पुस्तकांची दुकानं, आणि आपापल्या गावातले रद्दीवाले, ज्यांना एकदा नीट सांगून फोन नंबर देऊन ठेवला की ते लक्षात ठेवतात. विकत घेण्याआधी मधलं पान आणि क्रमशः गोष्टीचं पान आहे का बघा, ही दोनच सगळ्यात आधी फाडली जातात. दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलेला अंक मिळाला तर तो कमी दर्जाचा समजू नका, नाव तसंच राहू दे. जे विकत मिळत नाही ते वाचायला दादरच्या किंवा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा. आणि किशोरचा अंक केवळ गोष्ट वाचायला हवा असेल तर आधी बालभारतीचा संग्रह उघडा, तिथे तो असेल.

जादा झालेले अंक रद्दीत टाकू नका, शाळेच्या वाचनालयाला नाहीतर दुसऱ्या जमवणाऱ्याला द्या, बदल्यात तुमचा एखादा राहिलेला अंक मिळून जातो.

घरात लहान मुलं असतील तर सगळंच्या सगळं कुलपात ठेवू नका. ज्या अंकांचा कागद अजून लवचिक आहे ते त्यांच्या हाताशी ठेवा, थोडे चुरगळले तर चुरगळू दे, रात्री झोपताना चांदोबातली विक्रम-वेताळाची एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा आणि राजाने उत्तर द्यायच्या आधी थांबून त्यांनाच विचारा. कोडी, चित्रातले फरक ओळखा, रस्ता शोधा, अशी पानं स्कॅनवरून प्रिंट काढून द्या, मूळ पानावर झेरॉक्स मशीनचं झाकण दाबू नका. आणि उत्तरं त्याच पानाच्या तळाशी उलटी छापलेली असतात, प्रिंट काढताना तेवढा भाग कापून ठेवा, मुलं कागद फिरवून आधी तेच वाचतात.